मूलपेशी : एका शब्दाचे अर्थ आणि भाव

समीक्षा ही कथा-कवितांची करावयाची, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते ज्या लेखनावर माणसे खरोखर पैसा, झोप आणि आशा खर्च करतात, त्या लेखनाला समीक्षेची गरज अधिक असते. असे एक लेखन गेली काही वर्षे आपल्या घरांतून वाचले जात आहे. ते गुळगुळीत कागदावर छापलेले असते, मुखपृष्ठावर हसरे बाळ असते, आणि एक शब्द त्यात पानोपानी येतो : स्टेम सेल्स, मराठीत मूलपेशी.

मुरुम हे उमरगा तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेजवळचे गाव. मोठे दुखणे आले की येथला माणूस सोलापूर गाठतो, लातूर गाठतो, नाही तर उमरग्याहून महामार्गाने हैदराबादच्या वाटेला लागतो. मूलपेशींच्या प्रयोगशाळा येथून फार दूर आहेत. त्यांची माहितीपत्रके मात्र येथवर पोचतात. पुण्याला नोकरी करणारी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते आणि तिच्या पिशवीत दवाखान्याच्या कागदांसोबत एक पत्रक असते. किंवा ज्या घरात उभे न राहू शकणारे, न बोलणारे लेकरू आहे, त्या घरातील बापाच्या मोबाइलवर कोणीतरी एक चित्रफीत पाठविते. मग रविवारच्या मिस्सेनंतर आमच्यासमोर तो कागद धरला जातो : ‘फादर, हे खरे आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर तो कागद आधी नीट वाचावा लागतो. येथे आम्ही तेच करीत आहोत. त्याच्या जोडीला सरकारच्या मार्गदर्शिका आणि ख्रिस्तसभेचे दस्तऐवजही वाचणार आहोत, कारण तिघांच्याही लेखणीत शब्द एकच आहे.

प्रथम त्या शब्दाकडे वळू. जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल याने १८६८ साली ‘श्टामत्सेले’ हा शब्द योजिला तो वंशवृक्षाच्या बुंध्याशी कल्पिलेल्या आदिम एकपेशीय जीवासाठी. पुढे अर्थ बदलत गेला. आज या शब्दाने अशी पेशी समजतात, जी विभागून स्वतःसारखी पेशीही निर्माण करते आणि निराळ्या कामाच्या पेशींनाही जन्म देते. मराठीत कोणी तिला स्कंधपेशी म्हटले, कोणी मूळ पेशी. अखेर संस्कृत वळणाचा ‘मूलपेशी’ हा शब्द रुळला. संस्कृतात मूल म्हणजे मूळ. परंतु मराठी घरात मूल म्हणजे लेकरू. विज्ञानाच्या पुस्तकाबाहेर हा शब्द ऐकणारी बाई ‘मुलाची पेशी’ असाच अर्थ घेते, आणि तिला दोष देता येत नाही. मराठी तिची अधिक चांगली आहे. बाळाच्या नाळेतले रक्त साठवून देण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना हा गैरसमज फुकटात लाभला आहे.

याहून मोठी अडचण अशी की, या एका शब्दाखाली अगदी निरनिराळ्या वस्तू एकत्र आल्या आहेत. आपल्या हाडांतील मज्जेत रक्त घडविणाऱ्या पेशी आहेत. टोरांटोच्या टिल आणि मॅकलॉक या दोघा संशोधकांनी १९६१ साली त्यांचा पुरावा प्रथम मांडला. त्याच जातीच्या पेशी नवजात बाळाच्या नाळेतील रक्तात सापडतात. १९९८ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून पेशी वेगळ्या काढून वाढविल्या. त्या शरीरातील जवळजवळ कोणतीही पेशी होऊ शकतात, मात्र त्या मिळविताना काही दिवसांचा तो भ्रूण नष्ट होतो. आणि २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतील साध्या पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने मागे नेऊन भ्रूणपेशींसारखे केले, २००७ साली मानवी पेशींवर तेच साधले. मज्जेची पेशी दात्याच्या संमतीने घेतली जाते व पुन्हा भरून येते. नाळेतील रक्त एरवी टाकूनच दिले असते. भ्रूणपेशीसाठी एक जीव संपतो. या सगळ्यांना एकच नाव दिले की, एकीचा पुरावा दुसरीच्या नावावर सहज जमा करता येतो. ज्या पत्रकांचे आम्ही परीक्षण करीत आहोत, त्यांची सारी कला या एका हातचलाखीत आहे.

या पेशींचे खरे कर्तृत्व केवढे आहे ते आधी सांगितले पाहिजे. १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका लहान मुलीवर अस्थिमज्जेचे रोपण केले. भारतातले ते पहिले. स्वतः बालपणी पोलिओ होऊन चाकाच्या खुर्चीत बसलेल्या या डॉक्टरांनी हे काम उभे केले, हे आमच्या तरुण वाचकांना ठाऊक असावे. मज्जारोपणाचे प्रवर्तक डॉ. डोनाल थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी जन्मजात रक्तविकार असलेल्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले आणि तो वाचला.

आपल्या भागाला अधिक जवळचे उदाहरण डोळ्याचे आहे. मराठवाड्यात तंबाखूसोबत चुन्याची डबी किंवा पुडी नाही असे घर विरळा. खेळता खेळता लहान मूल ती पुडी दाबते, चुना डोळ्यात उडतो आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजून पांढरा पडतो. त्या पडद्याला सतत नवे ठेवणाऱ्या मूलपेशी बुबुळाच्या कडेला असतात. त्याच जळाल्या तर नुसते नेत्रदानातून मिळालेले पटल बसवून भागत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेचा बारीकसा तुकडा घेऊन अशा डोळ्यांवर रोपण करतात. त्याची एक सोपी रीत तेथील डॉ. वीरेंद्र संगवान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केली. ही खरी मूलपेशी-चिकित्सा. तिच्यासाठी नाळ जपून ठेवावी लागत नाही आणि भ्रूणही लागत नाही. आमच्या हाती आलेल्या पत्रकांत मात्र तिचा उल्लेख नव्हता. बहुधा तिच्यात विकण्यासारखे काही नसावे.

आता पत्रक. त्याचा वाङ्मयप्रकार ठरवायचा तर तो विम्याची जाहिरात आणि अंगाई यांच्या मधला आहे. भाषा आईला उद्देशून असते, आकडे बापाला उद्देशून. ‘जैविक विमा’ हा त्यातला लाडका शब्दप्रयोग. ‘ऐंशीहून अधिक आजार’ हा लाडका आकडा. आणि ‘ही संधी आयुष्यात एकदाच’ हा लाडका धाक. तिन्ही गोष्टी एकेक करून पाहाव्यात, कारण त्यांत उघड खोटे असे फार थोडे असते.

आजारांची यादी खरीच असते. रक्ताचे कर्करोग, थॅलेसेमिया, जन्मजात प्रतिकारशक्तीचे विकार अशा अनेक रोगांत रक्तपेशींचे रोपण करतात. पत्रकात सांगितलेले नसते ते असे की, यांतील बऱ्याचशा रोगांत रुग्णाचे स्वतःचे नाळरक्त उपयोगी पडत नाही. थॅलेसेमियाचा दोष जनुकातच आहे. बाळाला थॅलेसेमिया असेल तर तोच दोष त्याच्या नाळेच्या प्रत्येक पेशीतही आहे. शेतातले बियाणेच किडके निघाले तर त्याच कणगीतले उरलेले बियाणे पुन्हा पेरून उपयोग काय? बालपणीच्या रक्तकर्करोगातही डॉक्टर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पेशी पसंत करतात, कारण रोगाचे बीज जन्मतःच रक्तात असू शकते. म्हणजे ऐंशी आजारांची यादी खरी, पण ती ‘दुसऱ्याच्या पेशींनी’ बरे होण्याची यादी आहे. आणि विकली जात आहे ती ‘स्वतःच्या पेशींची’ तिजोरी. विशेषण एकच गळाले आहे, आणि तेवढ्यावर सौदा उभा आहे.

विमा या उपमेचेही तसेच. विम्यात प्रसंग आला तर कंपनी पैसे देणे लागते. येथे प्रसंग आला तरी पिशवीतील पेशी पुरेशा निघतील, जिवंत निघतील, जुळतील, याची हमी नसते. आणि तसे करारनाम्यात बारीक अक्षरांत लिहिलेलेही असते. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीने २००७ साली मांडलेला अंदाज असा की, मुलाला स्वतःचे साठविलेले नाळरक्त लागण्याची शक्यता हजारात एक ते दोन लाखांत एक, एवढ्या मर्यादेत आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमीने २०१८ साली आपली भूमिका जाहीर केली, तीही खासगी साठवणीला प्रोत्साहन देणारी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तर स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळरक्त साठविण्यास शास्त्रीय आधार नाही, असे सरळच म्हटले आहे. अपवाद एक आहे आणि तो लक्षात ठेवावा : घरात आधीच एखादे भावंड रक्तविकाराने आजारी असेल, तर नव्या बाळाचे नाळरक्त त्याच्यासाठी राखणे योग्य ठरू शकते. पॅरिसची कथा हीच होती. परंतु त्या घराला मार्ग सांगणारे त्याचे डॉक्टर असतात. पत्रक त्यासाठी छापलेले नसते.

धाकाविषयी काय सांगावे! मराठीत नाळ हा साधा अवयव नव्हे. जेथे आपली नाळ पुरली ते आपले गाव, असे आपण म्हणतो. सुईण नाळ कापी, वार परसात पुरली जाई, आणि माणूस कोठेही गेला तरी त्या मातीचा राही. या सगळ्या अर्थावर पत्रकाने अलगद हात ठेवला आहे. आईला असे सुचविले जाते की, नाळ ‘टाकून देणे’ म्हणजे लेकराचे काहीतरी टाकून देणे. जी बाई हप्ते भरू शकत नाही ती मनातल्या मनात अपराधी ठरते. आमच्या धर्मग्रामातील एका आजीने हे पत्रक नातसुनेकडून वाचून घेतले आणि विचारले, ‘मग आम्ही इतकी लेकरं वाढवली ती काय उघड्यावर?’ त्या पत्रकावर याहून नेमकी टीका आमच्या वाचनात नाही.

दुसरा वाङ्मयप्रकार अधिक दुःखद आहे. तो म्हणजे बरे झाल्याच्या साक्षी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, स्नायू झिजत जाण्याचा आजार, मणक्याची दुखापत : अशा लेकरांच्या आईबापांना मोबाइलवर त्या दाखविल्या जातात. एक बाप सांगतो, ‘आधी नजर देत नव्हता, आता देतो.’ तो बाप खोटे बोलत आहे असे आम्ही म्हणणार नाही. मूल वाढते, शिकते. त्याच काळात त्याला व्यायाम, वाचा-उपचार, आईबापांचे दुप्पट लक्ष हेही मिळालेले असते. सुधारणा कशाने झाली हे एका साक्षीवरून कळत नाही.

येथे आपल्या वाचकांना आम्ही लूर्दची आठवण देऊ इच्छितो. आपल्यावर भोळेपणाचा आरोप पुष्कळदा होतो. परंतु लूर्द येथे १८५८ पासून बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले, आणि ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केलेल्यांची संख्या सत्तरीच्या थोडीशीच पुढे आहे. तेथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. आजार गंभीर होता का, निदान पक्के होते का, बरे होणे एकाएकी व पूर्ण होते का, ते टिकले का, दुसऱ्या उपचाराने ते झाले असेल का, हे सारे वर्षानुवर्षे तपासले जाते. जी कसोटी आपण पवित्र मातेच्या दारी लावतो, तीच एखाद्या चकचकीत दवाखान्याच्या चित्रफितीला लावावयास आपले लोक का कचरतात? लूर्दच्या तबकात त्यांतील किती साक्षी टिकतील, हे वाचकांनी स्वतःच ठरवावे.

सरकारी लेखन रूक्ष असते म्हणून ते कोणी वाचत नाही. आम्ही मात्र त्याच्या शीर्षकांकडे लक्ष वेधू इच्छितो. संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ साली मार्गदर्शिका काढली. तिच्या नावात ‘मूलपेशी संशोधन आणि उपचार’ असे दोन शब्द होते. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत ‘उपचार’ हा शब्द मुद्दाम काढून टाकला. कारण उघड होते : रक्तविकारांतील प्रस्थापित रोपण सोडले तर उपचार म्हणावा असे काही सिद्ध झालेले नव्हते. साहित्यात एखाद्या शब्दाच्या खोडण्याने कविता सुधारते, असे आपण म्हणतो. येथे एका शब्दाच्या खोडण्यात सरकारी प्रामाणिकपणाचा दुर्मीळ क्षण आहे. गंमत अशी की, देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय समितीच्या नावात ‘उपचार’ तसाच राहिला. खोडरबर तेथवर पोचले नाही.

२०१७ च्या मार्गदर्शिकेचा आशय स्वच्छ आहे. सिद्ध झालेल्या रोपणांखेरीज मूलपेशींचा वापर केवळ मंजुरी मिळालेल्या वैद्यकीय चाचणीतच करता येईल. अन्यथा तो गैरव्यवहार. चाचणीतील रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यावयाचे नाहीत. जाहिरात करावयाची नाही. साठवणुकीच्या व्यापारात केवळ नाळरक्ताला परवानगी. दात, चरबी, मासिक पाळीचे रक्त यांच्या पेढ्यांना नाही. इतके स्पष्ट लिहूनही दुकाने चालू राहिली, याचे कारण मार्गदर्शिका हा कायदा नव्हे. २०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांनी मूलपेशींपासून बनविलेल्या वस्तूला नवे औषध मानले खरे, परंतु जिच्यावर ‘किमान हाताळणी’ हून अधिक प्रक्रिया झाली असेल तिलाच. या दोन शब्दांच्या फटीतून सारी वरात निघून जाते. ‘आम्ही रुग्णाचीच मज्जा सकाळी काढतो, संध्याकाळी त्यालाच देतो, यात औषध कोठे आले?’ असा युक्तिवाद होतो. कायद्याचा मसुदा करणाऱ्यांना भाषा किती जपून वापरावी लागते, याचा हा धडा आहे.

तरीही आवळणे चालू आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेवर मूलपेशी-उपचाराची शिफारस करता येत नाही, असे कळविले. प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि जानेवारी २०२६ मध्ये न्यायालयाने मान्यताप्राप्त चाचणीबाहेर स्वमग्नतेसाठी हा उपचार सेवा म्हणून देता येणार नाही, असा निर्णय दिला. सरळ मार्गाने चालणारेही आहेत, हे येथेच नोंदवू. विडी-तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडून बोटे काळी पडतात, त्या बर्गर रोगावर बंगळूरच्या एका कंपनीने मज्जेतील पेशींचे औषध तयार केले. त्याला २०१६ साली मर्यादित आणि २०२० साली विक्रीची मंजुरी मिळाली. तेथे चाचण्या झाल्या, कागद तपासले गेले, वर्षे लागली. ज्याला घाई आहे तो चित्रफीत काढतो.

धंद्याचा हा ज्वर जगभरचा आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी जुन्याच भ्रूणपेशी-मालिकांवर सरकारी पैसा खर्च करण्याची परवानगी दिली, तेव्हा जगातल्या त्या मालिकांच्या यादीत दोन भारतीय नावे होती : बंगळूरची एक संशोधनसंस्था आणि मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी २००४ व २००५ साली मानवी भ्रूणाच्या क्लोनपासून पेशी मिळविल्याचे लेख प्रसिद्ध केले. ते बनावट ठरून जानेवारी २००६ मध्ये मागे घेतले गेले. प्रतिष्ठित नियतकालिकही फसते, मग मुरुमच्या बापाला काय म्हणावे?

आता आपल्या घरातले लेखन. पर्यायाने येथे समीक्षकाला अधिक निष्ठुर व्हावे लागते. ‘चर्चचा स्टेम सेल्सना विरोध आहे’ हे वाक्य आपल्या लोकांच्या तोंडी आहे. प्रवचनांतून, पत्रकांतून, गटचर्चांतून ते इतके घासले गेले की त्याच्या कडा उरल्या नाहीत. त्याचा परिणाम काय होतो? एका तरुणाने आम्हांला विचारले : भावाला रक्ताचा कर्करोग आहे, डॉक्टर माझ्या मूलपेशी मागतात; दिल्या तर पाप लागेल का? त्या भावाच्या आयुष्याचा प्रश्न एका अर्धवट वाक्यापाशी अडला होता. जाहिरातवाले सगळ्या मूलपेशी एकाच पिशवीत भरून विकतात, आणि आपण त्याच पिशवीवर निषेधाची चिठ्ठी लावतो. पिशवी उघडून पाहण्याचे कष्ट दोघेही घेत नाहीत.

मूळ दस्तऐवजांत हा गोंधळ नाही. १९८७ चे ‘डोनुम व्हिते’ आणि २००८ चे ‘डिग्नितास पेर्सोने’ ही दोन्ही लेखने व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाची. दुसऱ्याची शैली कोरडी आहे, लॅटिनमधून आलेली वाक्ये लांबलचक आहेत. मात्र त्याच्या बत्तिसाव्या परिच्छेदात जो भेद केला आहे तो कोणत्याही वकिलाने हेवा करावा इतका नेमका आहे. प्रश्न पेशी कोणत्या जातीची हा मुळी नाहीच; ती कशी मिळविली हा आहे. प्रौढाच्या शरीरातून, जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तातून, नैसर्गिक कारणाने मृत झालेल्या गर्भाच्या ऊतीतून पेशी घेण्यास, कोणाला गंभीर इजा होत नसेल तर, हरकत नाही. जिवंत मानवी भ्रूण मारून घेण्यास आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ऑगस्ट २००० मध्ये रोमला अवयवरोपण-तज्ज्ञांपुढे बोलताना प्रौढपेशींच्या मार्गाचे स्वागतच केले होते. म्हणजे त्या तरुणाला द्यावयाचे उत्तर असे : मज्जा देणे हे प्रेमाचे काम आहे, आजच जा.

भ्रूणाचा प्रश्न मात्र आपल्यापासून दूर, परदेशात आहे, असे समजू नये. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीया व त्यांच्या सहकाऱ्यांनी वंध्यत्वोपचारातून उरलेल्या भ्रूणांपासून दोन पेशी-मालिका तयार केल्या आणि २००९ साली तसे प्रसिद्ध केले. काम नियमांना धरून, दांपत्यांच्या संमतीने झाले. भारतातला नियम चौदा दिवसांपुढे भ्रूण वाढवू देत नाही. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्याप्रमाणे गोठविलेले भ्रूण दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यावेत अथवा दांपत्याच्या संमतीने संशोधनास द्यावेत. ‘होऊ द्यावेत’ ही क्रियापदाची रचना पाहण्यासारखी आहे. कोणी काही करीत नाही. ते आपोआप होते. नाही तरी नष्टच व्हावयाचे, मग एखाद्याच्या उपयोगी का पडू नयेत, हा युक्तिवाद येथून सुरू होतो, आणि तो हलका नाही. आजारी लेकराच्या आईच्या तोंडून आला तर त्याला तुच्छतेने उत्तर देणाऱ्याला आम्ही धर्मगुरू म्हणणार नाही. पण जे नष्ट होऊ द्यावयाचे ठरविले ते आधी कोणीतरी घडविले होते आणि गोठविले होते. संशोधनाचा प्रश्न येतो तो नंतर. ‘डिग्नितास पेर्सोने’ने या गोठलेल्या जिवांविषयी सोपा उपाय सुचविलेला नाही, येथे न सुटणारा अन्याय घडून गेला आहे, अशा अर्थाची कबुली दिली आहे. त्या संपूर्ण दस्तऐवजात आम्हांला हेच स्थळ सर्वांत मानवी वाटते.

यामानाकांच्या शोधाने हा वाद संपला, असे आपल्या काही नियतकालिकांनी उत्साहाने लिहिले. स्वतः यामानाका यांनी सांगितले आहे की, मित्राच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण पाहताना त्यांना आपल्या मुलींची आठवण झाली आणि दुसरी वाट शोधावीशी वाटली. आपल्याला हे वाचून आनंद होणे साहजिक आहे. त्याच वेळी हेही म्हटले पाहिजे की, ती चार जनुके शोधताना भ्रूणपेशींच्या अभ्यासातून मिळालेले ज्ञानच त्यांच्या हाताशी होते. विजयाचे नगारे थोडे हळू वाजवावेत.

आणखी एक टीका आपल्याच घरावर. व्हॅटिकनच्या संस्कृतिविषयक परिषदेने २०१० च्या सुमारास प्रौढपेशींच्या प्रसारासाठी निओस्टेम या अमेरिकन कंपनीशी सहकार्य केले, दहा लाख डॉलर दिले आणि २०११ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॅटिकनमध्ये परिषद भरविली. हेतूविषयी शंका नाही. परंतु ज्या कंपनीला पेशी विकावयाच्या आहेत तिच्या शेजारी उभे राहून प्रौढपेशींच्या गुणांचे वर्णन करणे, हे आपल्या साक्षीला बाधक आहे. भ्रूणपेशींना विरोध करण्याच्या भरात प्रौढपेशींची वारेमाप स्तुती झाली, आणि तीच स्तुती आज बेकायदा दवाखान्यांच्या पत्रकांत मानाने छापली जाते. ‘प्रौढपेशी, म्हणून निर्दोष’ या वाक्यातील निर्दोष हा शब्द नीतीविषयी होता. विकणाऱ्याने तो गुणकारीपणाविषयी वापरला.

ज्यांच्या हातात उद्या असा कागद येईल त्यांच्यासाठी दोन-तीन व्यावहारिक गोष्टी. दवाखाना ‘चाचणी’ म्हणत असेल तर भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतील तिचा क्रमांक मागावा. ही नोंदवही २००७ पासून आहे आणि कोणालाही पाहता येते. क्रमांक असूनही पैसे मागितले तर उठून यावे. स्वतःचे शेत गहाण टाकण्याआधी टाटासारख्या एखाद्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात एकदा तरी विचारावे. आणि करारनामा मराठीत समजावून घेतल्यावाचून सही करू नये. आमच्या पाहण्यातील पत्रकांची मुखपृष्ठे मराठीत होती, करार इंग्रजीत.

नाळेविषयी एक गोष्ट राहिली. बाळ जन्मल्यावर नाळेतील रक्त काही क्षण बाळाकडे वाहत असते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की, बाळाला तातडीच्या उपचारांची गरज नसेल तर नाळ एक मिनिटाच्या आत बांधू नये. एक ते तीन मिनिटे थांबावे, म्हणजे बाळाला लोहाचा साठा मिळतो आणि पुढील महिन्यांत रक्तक्षय टळण्यास मदत होते. आपल्या भागात रक्तक्षय किती आहे हे अंगणवाडीच्या ताईंना विचारावे. जितके अधिक थांबाल तितके पिशवीत भरावयाचे रक्त कमी उरते. या तीन मिनिटांचा उल्लेख आम्ही वाचलेल्या एकाही पत्रकात नव्हता.